तीन दिवसांची पडताळणी

त्यांना सगळे रकाने म्हणत. हे आडनाव नव्हे. पर्यावरण मंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर, आस्थापना शाखेत, चौतीस वर्षं त्यांनी माणसांना रकान्यांत बसवायचं काम केलं, म्हणून कुणा चहाटळाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खरं आडनाव पगारपत्रकावर आणि घराच्या दारावर तेवढं उरलं होतं. साहेब लोक 'रकाने' म्हणत, धाकटे 'रकानेकाका' म्हणत, आणि ते दोघांनाही सारख्याच गंभीरपणे ओ देत.

काम असं, की मंडळात जेवढी पदं तेवढी पानं. चारशे बारा पदं, चारशे बारा पानं, तीन जाड बांधीव वह्यांत. पानावर पदाचं नाव, श्रेणी, कुणाच्या हाताखाली, कामं कोणती. आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, 'वर्ग'. त्यात दोहोंपैकी एकच शब्द यायचा: 'कायम' किंवा 'मर्जी'. कायम वर्गातल्या माणसाला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, सुनावणी असं सगळं रामायण करावं लागे. मर्जीच्या वर्गातल्याला एका ओळीचं पत्र पुरे व्हायचं.

हा भेद कशासाठी, ते रकाने नव्या कारकुनांना समजावून सांगत. "ताप किती आहे हे सांगणारा कायम. औषध कुठलं हे ठरवणारा मर्जीचा. सरकार बदललं की ठरवणारे बदलणार, बदलू देत. पण म्हणून कुणी थर्मामीटर बदलतं का?" हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यांना फार आवडे. ऐकणाऱ्याने मान डोलावली की ते पुढचा अर्धा तास त्याला सोडत नसत.

पदाच्या वर्गाबद्दल शंका आली तर नियमात एक उपाय होता. आस्थापनेच्या माणसाने त्या अधिकाऱ्याशेजारी खुर्ची टाकून तीन दिवस बसायचं, आणि दर अर्ध्या तासाला तो काय करतोय ते वहीत लिहायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं बघायचं. शेवटी 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली' असं लिहून सही ठोकायची. उपाय नामी होता. एवढंच, की गेल्या वीस वर्षांत तो कुणी केला नव्हता. खात्री मात्र सगळ्यांची झालेली होती.

तळमजल्यावर पाणी विभाग होता आणि त्याच्या प्रमुख म्हणजे पाणीबाई. रसायनशास्त्र शिकलेल्या, उंच, थोड्या वाकलेल्या, आणि पायात कायम रबरी बूट. मंडळात वरिष्ठ अधिकारी सदतीस होते; त्यांतले छत्तीस जण आपल्या खोलीतून कारपर्यंत आणि कारमधून खोलीपर्यंत एवढाच प्रवास करत. बाई आठवड्यातून दोनदा नदीवर जात. त्यांचे बूट जिन्यात चिखल सांडतात अशी एक लेखी तक्रारसुद्धा आस्थापनेत आली होती. रकान्यांनी ती फाइलला लावली आणि तिचं पुढे काही होऊ दिलं नाही, कारण बाईंबद्दल त्यांना मनापासून आदर होता. हा आदरच पुढे बाईंच्या मुळावर आला.

झालं असं. अकरा वर्षांपूर्वी मंडळात श्रेणी वाढवून द्यायचं वारं सुटलं होतं. प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कामांचा फॉर्म भरून द्यायचा. काम जितकं वजनदार, तितकी श्रेणी वरची. मग काय विचारता! हवा विभागाच्या प्रमुखाने, ज्याला वारा कुठून येतो हे खिडकी उघडल्याशिवाय कळत नसे, तीन पानं लिहून दिली. पाणीबाईंनी दोन ओळी लिहिल्या: नदीचं पाणी तपासणे. निकाल कळवणे.

रकाने तो फॉर्म घेऊन स्वतः खाली गेले. "बाई, असं लिहून कोण वरची श्रेणी देईल?"

"मग काय लिहू? एवढंच तर करते मी."

"तुम्ही फक्त सही करा. बाकी माझ्यावर सोडा."

आणि रकान्यांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. 'जलविषयक धोरण निश्चित करणे.' 'धोरणात्मक बाबींवर मंडळप्रमुखांना गोपनीय सल्ला देणे.' 'शासनाच्या उद्दिष्टांना दिशा देणे.' अशी नऊ वाक्यं. लिहून झाल्यावर त्यांनी ती मोठ्याने वाचून पाहिली आणि खूश झाले. बाई वाचून हसल्या. "रकाने, ही बाई कोण? मला हिला भेटायचंय," म्हणाल्या आणि सही केली. खाली पडताळणीच्या जागी रकान्यांनी लिहिलं: तीन दिवस, प्रत्यक्ष पाहून खात्री केली. त्या महिन्यात असे चाळीस फॉर्म त्यांनी हातावेगळे केले होते. बाईंना वरची श्रेणी मिळाली. शब्द तेव्हा फुकट होते, आणि मर्जीचा रकाना कुणी उघडून बघत नव्हतं.

मग सरकार बदललं. नवे मंडळप्रमुख आले, आणि पंधरा दिवसांत आदेश निघाला: वरच्या श्रेणीतल्या ज्या ज्या पदाच्या फॉर्ममध्ये धोरण ठरवण्याचं काम लिहिलेलं आहे, ती सगळी पदं यापुढे मर्जीच्या वर्गात. यादी आस्थापनेने करावी. म्हणजे रकान्यांनी.

आदेश सदतीस जणांचा होता, पण निघाला एकीसाठीच, हे शिपायालाही कळत होतं. गावाबाहेर कातडी कमावायचा मोठा कारखाना होता. त्याला कामाचा पसारा दुप्पट करायचा होता, आणि नदीच्या पाण्यात क्रोमियम मर्यादेच्या चौपट येतंय असं बाई चार महिने लिहून देत होत्या. तो कागद असेपर्यंत परवानगीवर सही करायला कुणाचा हात धजत नव्हता. बाई कायम वर्गातल्या होत्या. त्यांना काढायचं तर चौकशी लागली असती, चौकशीत पाणी तपासावं लागलं असतं, आणि पाणी कुणाच्या मर्जीत नव्हतं.

रकान्यांनी बाईंचं पान उघडलं आणि आपलीच नऊ वाक्यं वाचली. वाचताना त्यांची कानशिलं तापली. ज्या बाईचं भलं करायला गेलो तिच्याच गळ्याला फास लागला, आणि दोरी आपल्या हातची. पण चौतीस वर्षं नियमांत काढलेला माणूस होता तो. त्यांना तो जुना उपाय आठवला. वहीत काहीही लिहिलेलं असो, वर्ग बदलताना संबंधित अधिकाऱ्याला पडताळणी मागता येते. ते तडक खाली गेले, बाईंकडून अर्ज लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वही घेऊन हजर झाले.

ते तीन दिवस रकान्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. पहिल्या दिवशी ते बाईंबरोबर नदीवर गेले. बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, तोंड पाण्याखाली नेऊन भरली, आम्लाचे थेंब टाकले, चिठ्ठी लावली, बर्फाच्या पेटीत ठेवली. अशा चार जागा. कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखाली पाणी हिरवट होतं आणि काठावरच्या दगडांवर शेवाळसुद्धा नव्हतं. रकान्यांनी लिहिलं: सात ते साडेसात, बाटली भरणे. साडेसात ते आठ, बाटली भरणे. चौतीस वर्षं ते या मंडळात होते आणि नदी त्यांनी पुलावरूनच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा. प्रत्येक नमुना बाई दोनदा तपासत, मध्ये एकदा नुसतं शुद्ध पाणी घालून यंत्र खोटं तर बोलत नाही ना ते बघत. आकडे शाईने लिहीत. एखादा चुकला तर एक रेघ मारून शेजारी सही. दुपारी कारखान्याच्या माणसाचा फोन आला.

"बाई, या वेळी किती आलं?"

बाईंनी आकडा सांगितला.

"काही कमी-जास्त होण्यासारखं आहे का?"

"आहे ना. तुम्ही सोडायचं थांबवलंत की लगेच कमी होईल," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि पिपेट धुवायला घेतली. रकान्यांना हसू आवरेना, पण नियम बघायचा होता, हसायचा नव्हता. त्यांनी लिहिलं: अडीच ते तीन, निकाल कळवणे.

तीन दिवसांत मंडळप्रमुखांनी बाईंना एकदाही बोलावलं नाही. धोरण नावाची चीज त्या खोलीत फिरकली नाही. चौथ्या दिवशी रकान्यांनी अकरा पानी अहवाल लिहिला. त्यात एक विशेषण नव्हतं. 'सदर पदावरील अधिकारी काहीही ठरवत नाहीत. त्या मोजतात व सांगतात. पद कायम वर्गातच असावे.' खाली सही करताना त्यांना वाटलं, खात्री केली हे शब्द आपण आज पहिल्यांदा खरे लिहिले. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, बर्फाच्या पेटीसकट.

दोन दिवसांनी उपसंचालकांचं बोलावणं आलं. या गृहस्थांना मंडळात साखरसाहेब म्हणत. त्यांना आजवर कुणाशी आवाज चढवून बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस हसतोय असंही कुणी पाहिलं नव्हतं.

"बसा हो रकाने. पाणी घ्या. अहवाल काय लिहिलाय तुम्ही! मंडळात असा झाला नसेल," साखरसाहेब म्हणाले. "एकच बारीक शंका. हा अकरा वर्षांपूर्वीचा फॉर्म. यात तुम्ही म्हणता, प्रत्यक्ष पाहून खात्री केली, बाई धोरण ठरवतात. आणि यात तुम्हीच म्हणता, प्रत्यक्ष पाहून खात्री केली, बाई बाटल्या भरतात. दोन्हीकडे सही तुमचीच. यातली खोटी कुठली ते तुम्हीच सांगा. मी आपला या खुर्चीवर नंतर आलेला माणूस."

"काम बदललं असेल, साहेब. अकरा वर्षं झाली."

"असेल, असेल. मग तेव्हाचे ते तीन दिवस कुठले, एवढं दाखवा म्हणजे झालं. त्या महिन्यात तुम्ही चाळीस पडताळण्या केल्यात. चाळीस त्रिक एकशेवीस. महिना केवढा होता हो तो?"

रकान्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"निवृत्तीला सात महिने ना? खोट्या पडताळणीची चौकशी लागली की पेन्शन अडकते. माझ्या हातून तसं काही व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. तुम्ही शांतपणे विचार करा. उद्या सांगा."

इथे मला रकान्यांचा राग येतो, तो सांगून टाकतो. त्या क्षणी ते म्हणू शकले असते, की खोटी सही अकरा वर्षांपूर्वीची, चाळिसांच्या चाळीस खोट्या, लावा चौकशी. चाळीस जणांची नावं बाहेर आली असती, त्यांत खुद्द साखरसाहेबांचंही होतं. चौकशी लागलीच नसती. हे गणित त्यांना येत नव्हतं असं नाही. पण भीती वाटली की माणूस आपल्याच पायाखाली बघतो, समोरच्याच्या नाही.

घरी बायकोने ऐकून घेतलं. ती शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, सरळ बाई. "तुम्हीच एकटे शहाणे आहात का?" ती म्हणाली. "बाई शिकलेल्या आहेत, कुठेही चार घास मिळवतील. आपलं काय? या वयात तुम्ही चौकशीच्या फेऱ्या मारणार, आणि मी लोकांना काय तोंड दाखवू? गप्प बसा."

"गप्प बसायचं नाहीये. पडताळणी केलीच नाही, असं लिहून द्यायचंय."

"मग द्या लिहून. सगळं जग लिहून देतं."

दुसऱ्या दिवशी रकान्यांनी साखरसाहेबांच्या समोर बसून एक ओळ लिहिली: पडताळणीची आवश्यकता भासली नाही. टेबलाखाली कागद बारीक करायचं यंत्र होतं. "सगळी पानं एकदम नका घालू, अडकतं ते," साखरसाहेब काळजीने म्हणाले. रकान्यांनी अकरा पानं एकेक करून घातली. मग वर जाऊन सदतीस पानांवर 'मर्जी' लिहिलं. छत्तीस जणांना काही झालं नाही, कारण ते मर्जीतलेच होते. बाईंना त्याच संध्याकाळी एका ओळीचं पत्र मिळालं.

बाईंनी सेवा न्यायाधिकरणात दाद मागितली. रकान्यांचा अहवाल वरच कुणीतरी दाबला, असा त्यांचा समज होता. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी साक्षीदार म्हणून एकच नाव दिलं, रकान्यांचं. तारखेच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला त्रास देतेय, रकाने. मी एवढंच विचारणार आहे, की तीन दिवस बसलात का. जुना फॉर्म कुणी लिहिला ते मी काढणार नाही. सही माझी आहे, चूकही माझीच."

तेव्हा तरी रकान्यांनी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "बघू या, बाई."

साखरसाहेबांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. प्रयोगशाळेतल्या लोकांनी रकान्यांना तिथे बसलेलं पाहिलं होतं, तेव्हा गेलोच नाही म्हणून चालणार नव्हतं. गेलात, पण कशासाठी, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? नरो वा कुंजरो वा. आणि रकाने हे पडले शिस्तीचे. साक्षीच्या दिवशी सकाळी ते मुद्दाम लवकर जाऊन तळमजल्यावरून एक फेरी मारून आले, म्हणजे उत्तर कच्चं राहायला नको.

न्यायाधिकरणाची खोली लहान होती. भिंतीवर घड्याळ, लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. बाईंनी वकील दिला नव्हता. त्या स्वतःच उभ्या राहिल्या, त्या दिवशी साध्या चपला घालून.

"तुम्ही तीन दिवस माझ्याशेजारी बसला होतात ना?"

"आलो होतो," रकाने म्हणाले. "पडताळणीसाठी नाही."

"मग कशासाठी?"

"प्रयोगशाळेतल्या टेबल-खुर्च्यांची मोजदाद करायला."

बाईंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. टेबलामागच्या प्रमुखांनी चष्मा वर केला. "मोजदाद? तीन दिवस?"

"खुर्च्या बऱ्याच आहेत, साहेब."

खोलीत हशा पिकला. साखरसाहेबसुद्धा रुमाल तोंडाशी धरून हसले. बाईंनी नदीच्या पाण्याने बोटं सुजलेला हात टेबलावर टेकवला आणि म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही." अर्ज फेटाळला गेला.

बाहेरच्या बोळात दोघं समोरासमोर आली. बाई ओरडल्या असत्या, चारचौघांत थुंकल्या असत्या, तर रकान्यांना बरं वाटलं असतं. बाईंनी नुसतं विचारलं.

"किती निघाल्या हो खुर्च्या?"

"एकोणीस," रकाने म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

बाईंनी मान हलवली. "नोकरीचं काही नाही. कुठेतरी शिकवीन. पण तुम्ही नदीवर आला होतात, रकाने. ते पाणी बघितलेलं आता मंडळात कुणीच नाही." आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या जागी हवा विभागाचे प्रमुख आले आणि पंधरा दिवसांत कारखान्याला परवानगी मिळाली.

त्या दिवशी घरी गेल्यावर रकान्यांनी बायकोला साक्ष सांगितली. खुर्च्यांचा किस्सा जरा रंगवूनच सांगितला, म्हणजे ती हसेल आणि मग आपल्यालाही हसता येईल. ती हसली नाही. "असं म्हणालात?" एवढंच तिने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, लिहून द्या म्हणून?"

"म्हणाले," ती म्हणाली. "मीच म्हणाले." आणि ताटं घ्यायला उठली.

पुढे ठरल्या दिवशी रकाने निष्कलंक निवृत्त झाले. सत्कार झाला, साखरसाहेब दोन शब्द गोड बोलले, पेन्शन पहिल्या महिन्यापासून वेळेवर सुरू झाली. घरात भांडण नाही, टोमणा नाही. बायको पूर्वीसारखीच बोलते, औषधाची आठवण करते. फक्त रात्री निजायला जाताना ती विचारते, "गॅस बंद केला का?" रकाने म्हणतात, "केला." ती "बरं" म्हणते, उठते, आत जाऊन बघून येते. तो दर वेळी बंदच असतो.